कान कापलेली रायफल



आजचा विषय बंदुकीचा आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझ्या घरात बंदूक नाही, कधी नव्हती, आणि गृहखात्याचं धोरण पाहता यापुढेही येईल असं दिसत नाही. मुलांच्या शाळेत ‘लॉकडाउन ड्रिल’ झालं की त्या रात्री आम्हा नवराबायकोला नीट झोप लागत नाही. तुमच्यापैकी अनेकांचं तसंच होत असणार. तरीही आज मी तुम्हाला एका रायफलची गोष्ट सांगणार आहे, कारण मागच्या वर्षी एका संध्याकाळी ती गोष्ट आमच्या स्वयंपाकघरात चहाच्या कपासमोर येऊन बसली आणि काही केल्या उठेना.

आम्ही पेन्सिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात राहतो. इथे नवीन आलो तेव्हा थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी शाळा बंद का, हे आम्हाला समजेना. मग कळलं की तो हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. १९६३ पासून २०१८ पर्यंत हा मुहूर्त सोमवारचाच होता, २०१९ पासून तो शनिवारवर आला. गणपतीत कोकणातली माणसं ऑफिसात सापडत नाहीत ना, तसं इथे त्या सोमवारी गिरणीत, गॅरेजात, बँकेत कोणी सापडायचं नाही.

हे मला समजावून सांगितलं आमच्या शेजारच्या आजोबांनी. माझी मुलं त्यांना ‘पलीकडचे आजोबा’ म्हणायची आणि तेही त्या हाकेला ओ द्यायचे. ते पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपमधून निवृत्त झालेले, म्हणजे आपल्या भाषेत पक्के टर्नर-फिटर. मागच्या वसंतात ते गेले. त्यांची मुलगी ओहायोत असते, माझ्याच वयाची. घर रिकामं करायला ती आली तेव्हा तिला कपाटात वडिलांची शिकारीची रायफल मिळाली. ती घेऊन ती जवळच्या एका गन शोमध्ये गेली, नुसती किंमत विचारायला. टेबलामागच्या माणसानं रायफल हातात घेतली, उलटीपालटी केली आणि मिनिटभरात निकाल दिला: ही १९१७ सालची एडिस्टोन आहे, म्हणजे होती. कोणीतरी हिचा पार सत्यानाश केलाय. मूळ रूपात असती तर चौपट पैसे आले असते.

ती आमच्याकडे चहाला आली तेव्हा तिला पैशांचं वाईट वाटत नव्हतं. तिनं मला एवढंच विचारलं, “तू रेडिओवर इतिहास सांगतोस. माझ्या वडिलांनी खरंच काही चुकीचं केलं का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिवाळाभर वाचत बसलो. आता सांगतो.

गोष्ट सुरू होते ब्रिटनमध्ये. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात शेतकरी बोअर मंडळींनी जर्मन माउझर रायफलींनी ब्रिटिश सैन्याला लांबून टिपलं. तेव्हा ब्रिटिशांनी ठरवलं की आपलीही माउझरच्या घाटाची नवी रायफल हवी. तिचे नमुने तयार होत होते, चाचण्या चालू होत्या, तेवढ्यात १९१४ चं महायुद्ध सुरू झालं. आता रायफली लाखांनी हव्या होत्या, आणि त्याही कालच. आयटीतल्या श्रोत्यांना हा क्लायंट ओळखीचा वाटेल. मग नवीन काडतुसाचा नाद सोडून जुनंच .३०३ चं काडतूस ठेवलं, रायफलीला ‘पॅटर्न १४’ नाव दिलं आणि कंत्राट अमेरिकेला दिलं. विंचेस्टर, रेमिंग्टन, आणि तिसरा रेमिंग्टनचाच एक नवा प्रचंड कारखाना. हा कारखाना आमच्याच राज्यात, फिलाडेल्फियाच्या खाली डेलावेअर नदीकाठी एडिस्टोन नावाच्या गावात, बाल्डविन लोकोमोटिव्ह या रेल्वे इंजिनांच्या कंपनीच्या जागेत उभा राहिला.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका स्वतः युद्धात उतरली. अमेरिकेची अधिकृत रायफल होती १९०३ ची स्प्रिंगफिल्ड, पण ती बनवणारे सरकारी कारखाने दोनच, आणि सैन्य उभं करायचं होतं लाखोंचं. इकडे ब्रिटिश कंत्राट संपत आलेलं, तीन कारखाने यंत्रांसकट तयार. स्प्रिंगफिल्डसाठी सगळी यंत्रं बदलायची की ब्रिटिश रायफलीत थोडा बदल करून तिच्यात अमेरिकन काडतूस बसवायचं? दुसरा रस्ता धरला गेला. हीच ‘मॉडेल १९१७’. दीड-पावणेदोन वर्षांत सुमारे २२ लाख नग निघाले, त्यातले ११ लाखांहून जास्त एकट्या एडिस्टोनचे. युद्ध संपलं तेव्हा फ्रान्समधल्या अमेरिकन सैनिकांपैकी पाऊण हिश्शाच्या हातात अधिकृत स्प्रिंगफिल्ड नव्हतीच, ही पाहुणी रायफल होती.

आणि युद्ध संपताच पाहुणीला पाहुणीसारखंच वागवलं गेलं. लष्करानं स्प्रिंगफिल्ड ठेवली आणि १९१७ च्या रायफलींना गंज येऊ नये म्हणून कॉस्मोलिन नावाच्या चिकट तपकिरी ग्रीसमध्ये माखून पेटाऱ्यांत भरून ठेवलं. १९४० मध्ये डंकर्कनंतर ब्रिटनकडे शस्त्रांचा दुष्काळ पडला तेव्हा यातल्या पुष्कळ तिकडे गेल्या, होमगार्डच्या म्हाताऱ्या मंडळींसाठी. तिथे त्यांच्यावर लाल पट्टा रंगवत, कारण दिसायला ती ब्रिटिश रायफलीची जुळी बहीण, पण आत ब्रिटिश काडतूस चालत नाही. ब्रिटिश घाटाची, अमेरिकेत जन्मलेली, आणि ब्रिटनमध्ये परतल्यावर परदेशी म्हणून पट्टा लागलेली. आपल्यातल्या काहींना हे वाचून हसू येईल, काहींना येणार नाही.

उरलेल्या रायफली सामान्य नागरिकांना विकल्या गेल्या. ही पद्धत जुनीच होती. नागरिकाला नेम धरता येत असेल तर युद्धात सैनिक लवकर तयार होतो, या विचारानं अमेरिकन काँग्रेसनं १९०३ मध्येच एक राष्ट्रीय मंडळ स्थापन केलं, आणि १९१६ मध्ये त्यासाठी खास कार्यालय उघडलं. रायफल क्लबच्या सभासदांना हे कार्यालय लष्कराची जुनी हत्यारं अगदी नाममात्र भावात द्यायचं. १९६३ मध्ये तर दुसऱ्या महायुद्धातली एम-वन कार्बाइन २० डॉलरला घरपोच मिळत होती.

त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून लोंढा आला. जर्मन, इटालियन, स्वीडिश, ब्रिटिश रायफली देशोदेशींची सरकारं भंगाराच्या भावात काढत होती. सॅम्युएल कमिंग्ज नावाच्या एका चतुर व्यापाऱ्यानं १९५३ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि व्हर्जिनियात अलेक्झांड्रियाच्या नदीकाठची गोदामं या मालानं भरून टाकली. मासिकांत जाहिराती यायच्या, कूपन भरायचं, पैसे पाठवायचे, रायफल टपालानं घरी. कोणी ओळखपत्र मागत नसे.

आता थोडा हिशोब करू, एमबीएची फी कुठेतरी वसूल व्हायला हवी. १९५६ मध्ये अमेरिकेत किमान वेतन झालं तासाला १ डॉलर. दुकानात नवी कोरी चांगली शिकारीची रायफल, समजा विंचेस्टरचं मॉडेल ७०, शंभर डॉलरच्या वर. म्हणजे किमान वेतनावरच्या माणसाची अडीच-तीन आठवड्यांची कमाई. लष्करातून निघालेली रायफल वीस ते चाळीस डॉलर. आतलं पोलाद तितकंच चांगलं, काडतूस तेच थर्टी-ऑट-सिक्स, हरणापासून एल्कपर्यंत सगळ्याला पुरेसं. फक्त ती दिसायला लढाईची होती: जड, लांब, नळीच्या टोकापर्यंत लाकडात गुंडाळलेली. तेवढं बदललं की झालं. ज्याच्या घरात गॅरेज, गॅरेजात व्हाइस आणि अंगात कसब, त्याच्यासाठी हा सरळ टाकाऊतून टिकाऊचा मामला होता.

आजोबांनी १९५०च्या दशकात एका हिवाळ्यात हे काम केलं, मुलीनं लहानपणी ऐकलेलं तेवढं. पण रायफल समोर होती, आणि गॅरेजात त्यांची हत्यारंही अजून जागच्या जागी होती, भिंतीवर प्रत्येकाच्या बाह्यरेषेसकट. त्यामुळे त्यांनी काय काय केलं असणार याचा माग लागतो.

आधी ते ग्रीस काढायचं. गरम पाणी, रॉकेलसारखं द्रावण, चिंध्या आणि सहनशीलता. मग जुना दस्ता. लष्करी रायफलीचं लाकूड नळीभर असतं, कारण सैनिकाला तापलेली नळी हातात धरावी लागते आणि पुढे संगीन लावायची असते. हरणावर एक, फार तर दोन गोळ्या झाडणाऱ्याला त्यातलं काहीच नको. वरचं लाकूड काढून टाकायचं, पुढचं अर्ध्यावर कापायचं. ज्यांना एवढंच परवडलं त्यांनी इथेच थांबून रंधा मारला आणि जवसाचं तेल चोळलं. आजोबांनी मात्र नवा दस्ता घेतला होता. मिसुरी राज्यात वॉर्सा नावाच्या छोट्याशा गावात बिशप आणि फायेन अशा दोन कंपन्या होत्या. अक्रोडाच्या लाकडाचा साधारण आकार दिलेला, आतून बराचसा कोरलेला दस्ता त्या टपालानं पाठवायच्या. पुढचं काम तुमचं. लोखंडाला काजळी लावायची, लाकडात बसवायचं, उचलायचं, काळं लागलं तेवढंच पटाशीनं किंचित खरवडायचं, पुन्हा बसवायचं. हे शंभरदा. घाई केली की फट राहते, आणि फट राहिली की प्रत्येक गोळीगणिक लोखंड लाकडात हलतं आणि नेम फिरतो. आजोबांच्या रायफलीत लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये पोस्टकार्डही शिरत नाही. मी घालून पाहिलं.

आणि मग कान.

१९१७ च्या रायफलीला मागच्या बाजूला, डोळ्याजवळ, नेम धरायची बारीक छिद्राची पट्टी असते. ती खंदकात आपटून मोडू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना पोलादाचे जाड उभे पंख ठेवलेले असतात. सगळे त्यांना कानच म्हणतात. या कानांवरून ही रायफल लांबूनही ओळखू येते, सशासारखी. शिकाऱ्याला तिथे दुर्बीण बसवायची असते, आणि कान असेपर्यंत दुर्बीण बसत नाही. म्हणून कान कापायचे. ते पोलाद साध्या कानशीला दाद देत नाही. मिलिंग मशीन किंवा ग्राइंडरवर ते उतरवावं लागतं, आणि उतरवताना फार तापू द्यायचं नाही, नाहीतर खालच्या भागाचं पाणी उतरतं. मग उरलेला भाग गोल घडवायचा, दुर्बिणीच्या बैठकीसाठी नेमक्या सरळ रेषेत आटे पाडायचे. केसभर तिरपं झालं तर दुर्बीण आयुष्यभर तिरकी पाहणार.

नळीचं टोक कापून लांबी २६ इंचांवरून कमी केलेली. काडतुसांची पेटी पोटासारखी खाली लोंबत असे, कारण ती मुळात ब्रिटिशांच्या जाड बुडाच्या काडतुसासाठी आखलेली. तीही तासून सरळ केलेली. शेवटी सगळं पॉलिश पेपरनं घासून, उकळत्या क्षारांत बुडवून काळसर निळी झळाळी दिलेली. मी बंदुकीतला जाणकार नाही, पण काम कसं असतं ते कळतं. ही रायफल हातात धरली की ती जाड लष्करी रायफलीतून निघाली आहे हे खरं वाटत नाही.

अशा कामाला इतिहास होता, आणि तो गॅरेजात सुरू झालेला नव्हता. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०३ ची स्प्रिंगफिल्ड लष्करात दाखल होते ना होते तोच सरकारी कारखान्याकडून स्वतःसाठी तिचा शिकारी अवतार बनवून घेतला, आणि १९०९ मध्ये तो आफ्रिकेला नेला. त्यांनी लिहिलेलं त्या सफरीचं वर्णन न्यूयॉर्कमधल्या सेमूर ग्रिफिन नावाच्या एका फर्निचर बनवणाऱ्या सुताराच्या वाचनात आलं. त्यानं एक स्प्रिंगफिल्ड मिळवली आणि तिला स्वतःच्या हातानं दस्ता केला. मग मित्रांसाठी केला, मग गिऱ्हाइकांसाठी. १९२३ मध्ये ‘ग्रिफिन अँड हाउ’ ही पेढी उभी राहिली. अर्नेस्ट हेमिंग्वेनं १९३०च्या सुमाराला त्यांच्याकडून स्प्रिंगफिल्डच घेतली आणि तीच आफ्रिकेला नेली. म्हणजे या सगळ्यांनी केलं तेच: लष्करी रायफल घेतली, लाकूड उतरवलं, नेमाच्या पट्ट्या काढल्या, नवा दस्ता बसवला. ग्रिफिनच्या हातच्या रायफलींना आज संग्राहक शिरावर घेतात. त्याला कोणी सत्यानाश म्हणत नाही. कसब वेगळं होतं हे मान्य. पण माझा संशय असा की फरक थोडासा बिलावरच्या नावाचाही आहे.

सगळेच आजोबांसारखे फिटर नव्हते, हेही सांगायला हवं. हॅकसॉनं नळी वाकडी कापणारे, चुकीच्या ठिकाणी भोकं पाडणारे, दस्त्याला गाडीचं व्हार्निश फासणारे हजारो होते. आणि प्रश्न केवळ रूपाचा नव्हता. जुन्या स्प्रिंगफिल्डचंच घ्या. सुरुवातीच्या वर्षांत पोलादाला पाणी देताना ते किती तापलं हे कारागीर त्याच्या रंगावरून डोळ्यांनी ठरवायचे. लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेलं पोलाद फिकं दिसतं आणि ढगाळ दिवशी भडक. अनुभवी माणसंही चुकत, आणि पोलाद गरजेपेक्षा जास्त तापून ठिसूळ होई. १९१७ मध्ये काही रायफली फुटल्यावर हे उघडकीला आलं. स्प्रिंगफिल्ड कारखान्याचे ८ लाखांखालचे क्रमांक तेव्हापासून संशयितांत मोडतात. स्वस्तात मिळालेल्या पेटाऱ्यात अशीही एखादी असायची, आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेलच असं नाही.

एडिस्टोनचं दुखणं वेगळं. तिथे नळ्या यंत्रानं भलत्याच जोरात आवळल्या होत्या. नंतर कोणी नळी बदलायला ती उलटी फिरवली की मुख्य साच्याला केसासारखी बारीक चीर जायची, डोळ्यांना न दिसणारी. म्हणून आमच्या शेजारणीला मी पहिला सल्ला इतिहासाचा नाही दिला. म्हटलं, आधी ही एखाद्या परवानाधारक कारागिराला दाखव, मग चूक की बरोबर ते बघू.

हा धंदा थांबला कसा, तेही विलक्षण आहे. परदेशी रायफलींच्या लोंढ्यानं अमेरिकन बंदूक कारखान्यांची दुकानदारी बसायला लागली होती. त्यातले बरेच कारखाने न्यू इंग्लंडमध्ये. १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका सिनेटरनं अशा आयातीवर बंदी घालणारं विधेयक मांडलं. ते काही त्या रूपात पुढे सरकलं नाही. सिनेटरचं नाव जॉन केनेडी. पाच वर्षांनी, मार्च १९६३ मध्ये, शिकागोच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानातून खोट्या नावानं एक इटालियन कारकानो रायफल टपालानं मागवली गेली. दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट, वर दीड डॉलर टपालखर्च. नोव्हेंबरमध्ये डॅलसला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्यानंतरही कायदा व्हायला पाच वर्षं गेली, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या व्हाव्या लागल्या. ऑक्टोबर १९६८ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. टपालानं राज्याबाहेर बंदूक विकणं बंद झालं आणि लष्करी जुन्या मालाची आयातही. जुन्या संग्राह्य बंदुकींपुरतं आयातीचं दार पुन्हा किलकिलं झालं ते १९८४ मध्ये.

गॅरेज आवरताना आम्हाला कॉफीचा एक जुना डबा मिळाला. त्यात रिकामी काडतुसं, आजोबा जिथे जिथे नेमबाजीला गेले तिथून खिशात घालून आणलेली. मी एकेक उलटं करून बुडावरचा शिक्का वाचत होतो. एका .३०३ च्या बुडावर दोन अक्षरं होती: के आणि एफ. मी तिथेच मटकन स्टुलावर बसलो. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी. आपली खडकी! पुण्यात आमचं निम्मं आजोळ त्या कारखान्याच्या भोंग्यावर जेवायला बसायचं. १८६९ पासून चालू असलेला दारूगोळ्याचा कारखाना, आणि तिथलं पितळ इथे पेन्सिल्व्हेनियातल्या कॉफीच्या डब्यात. कसं आलं असेल? युद्ध संपल्यावर हा माल जगभर फिरला, त्यातलंच एक असणार.

पण त्या पितळाकडे पाहताना दुसरंही लक्षात आलं. आजोबांनी जे केलं ते खडकीतला त्यांच्याइतकाच हुशार टर्नर करूच शकला नसता. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार काढून घ्यायचं ठरवलं. १८७८ च्या आर्म्स ॲक्टनं आपल्या माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनाला त्यातून सूट दिली. काँग्रेसनं सुरुवातीपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले ते याच अपमानापोटी. शिवाय ज्या मापाचं काडतूस सैन्य वापरतं ते मापच नागरिकाला वर्ज्य, म्हणजे चोरलेली सरकारी काडतुसं बाहेर चालूच नयेत. .३०३ बंद होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० बंद झाल्यावर हत्ती-वाघाची शिकार करणाऱ्या साहेबांसाठी विलायती बंदूकवाल्यांना .४७० सारखी नवीन मापं काढावी लागली. आणि साध्या शिकाऱ्यासाठी ली-एनफिल्डच्याच घाटाची पण .३१५ मापाची रायफल आली. स्वतंत्र भारताच्या कारखान्यांनीही ती पुढे चालू ठेवली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली, पण ती रायफल आजही गावाकडे परवान्याची म्हणून दिसते. अमेरिकेत सरकार युद्धातली रायफल नागरिकाला टपालानं पाठवत होतं आणि आपल्याकडे सरकार तिच्या नळीच्या भोकाचा व्याससुद्धा नागरिकाच्या हाती पडू देत नव्हतं. दोन्ही टोकांची किंमत कोणी आणि कशी मोजली, यावर एक वेगळा कार्यक्रम होईल.

आणखी एक धागा हिंदुस्थानातूनच येतो. लष्करी गोळी पूर्ण तांब्या-निकेलच्या कवचात असते, ती आरपार जाते. १८९०च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोक उघडं ठेवलेली गोळी तयार केली, जी लागल्यावर पसरते. १८९९ च्या हेग परिषदेनं युद्धात अशी गोळी क्रूर म्हणून निषिद्ध ठरवली. शिकारीत मात्र उलटं. आरपार जाणाऱ्या गोळीनं हरीण लगेच मरत नाही, मैलभर धावत जाऊन तडफडतं, म्हणून अमेरिकेत अनेक राज्यांत शिकारीला पसरणारीच गोळी लागते. युद्धात जी क्रूर ती रानात दयाळू. लष्करी रायफलीची शिकारी रायफल होते म्हणजे केवळ लाकूड कापलं जात नाही, तिच्यात काय भरायचं तेही उलटतं.

तर शेजारणीचा प्रश्न. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली अशी की तुझ्या वडिलांनी करवत हातात घेतली तेव्हा ही वस्तू दुर्मीळ नव्हती. लाखांनी पडून होत्या. सरकारला जागा मोकळी करायची होती आणि त्यांना मटण हवं होतं. आज जी कानासकटची रायफल चौपट किमतीला जाते ती महाग झाली कशामुळे? बाकीच्यांचे कान तुझ्या वडिलांसारख्यांनी कापले म्हणून. त्या टेबलामागच्या माणसाचा नफा त्यांच्याच करवतीतून आलाय.

दुसरी गोष्ट मी जड मनानं सांगितली, पण खोटं बोलायचं नव्हतं. काहीतरी गेलं हेही खरं आहे. दस्ता बदलता येतो. काही हौशी लोक जुनं लाकूड शोधून अशा रायफली पुन्हा पूर्ववत करतात. कापलेले कान मात्र परत येत नाहीत. कुठल्या पलटणीत ती गेली, कोणत्या दुरुस्ती कारखान्यात तिला नवा दस्ता मिळाला, याच्या खुणा लाकडावर ठोकलेल्या असतात, आणि ते लाकूड बहुधा इथल्याच शेगडीत जळलं. ती फ्रान्सच्या खंदकात होती की सगळं युद्ध पेटाऱ्यातच झोपली होती, हे आता कोणाला कळायचं नाही. त्या काळात हे कोणाला महत्त्वाचं वाटलं नाही. आज वाटतं. दोन्ही खरं आहे.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बाबा म्हणायचे, माझे दोन काका त्या युद्धात गेले होते, मला त्या बंदुकीत युद्ध नको होतं.” हे तिला इतका वेळ आठवलंच नव्हतं. माझ्या हिवाळाभराच्या वाचनात हे कारण कुठेच सापडलं नव्हतं.

कारागिराकडे आम्ही दोघं गेलो. त्यानं रायफल उघडली, साच्यावर चिरा शोधायचं भेदक द्रव लावलं, पुसलं, वर पांढरी भुकटी फवारली आणि दिव्याखाली बराच वेळ पाहिलं. चीर असती तर रेघ उमटली असती. उमटली नाही. नळी मूळचीच होती, कधी फिरवलेलीच नाही. आजोबांनी तिला हात न लावण्याचा शहाणपणा केला होता. मग कारागिरानं कान जिथे होते त्या जागेवरून अंगठा फिरवला, दोनदा, आणि विचारलं, हे कोणी केलंय? तिनं सांगितलं. तो म्हणाला, “मला असं जमलं नसतं.” आणि तपासणीचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

रायफल विकली नाही. तिचा मुलगा सतरा वर्षांचा आहे, त्यानं शिकारीच्या सुरक्षेचा वर्ग केला आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मामाबरोबर इथल्या डोंगरात गेला. आमच्या घरी मालवणी मसाला तयार ठेवला होता, कारण निम्मं मटण आमचं असं ठरलं होतं. संध्याकाळी तो परत आला, नाक लाल, बूट चिखलात. हरीण दिसलं, म्हणाला, दुर्बिणीतून अगदी स्वच्छ दिसलं, पण मागे पिल्लू होतं, म्हणून सोडलं. मग आम्ही त्या मसाल्यात कोंबडी केली.